सांदणाच्या पिठावरचा उजेड

दोन हजार तेरा-चौदाच्या सुमारास पनवेलमध्ये लग्नाचे फोटो काढणाऱ्या बायका फारशा नव्हत्या. मी होते. नवीन पनवेलच्या एका स्टुडिओत काही वर्षं नोकरी केल्यावर मी स्वतःचं काम सुरू केलं आणि ते चाललं ते मुख्यतः गावातल्या मुसलमान मोहल्ल्यांमुळे. तिथल्या लग्नांत बायकांची बाजू वेगळी असते आणि त्या बाजूला पुरुष फोटोग्राफर चालत नाही. एका लग्नातलं काम आवडलं की जेवणाच्या पंगतीतच पुढच्या लग्नाचं बोलावणं मिळायचं.

अशाच एका लग्नात खाला भेटली. ती नवरीची आई. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत म्हणून मीही म्हणू लागले. लग्नाच्या दिवशी मुलीला सोडून ती माझ्याच मागे लागली होती, जेवलीस का, बसून घे जरा, पंख्याखाली ये. मुलगी लग्नानंतर नवऱ्याबरोबर कुवेतला गेली. मी अल्बम नेऊन दिला तेव्हा खालाने सगळी पानं उलटून बघितली, मुलीच्या एका फोटोवर बोट ठेवून बराच वेळ बसली, मग उठून मला चहा करून दिला.

काही महिन्यांनी तिचा फोन आला.

"बाय, तू विडिओ पन काढतेस ना?"

"काढते की. कुणाचं लग्न आहे?"

"लगीन नाय. सांदन."

सांदण म्हणजे तांदूळ भिजवून, वाटून, नारळाच्या दुधात कालवून आंबवायचे आणि छोट्या वाट्यांत घालून उकडायचे. पांढरी, जाळीदार, किंचित गोड. खालाच्या घरी ती मटणाच्या रश्श्याबरोबर खातात. मुलीने तिकडे करून बघितली, पण दर वेळी ती घट्ट आणि चपटी व्हायची. खाला फोनवर सांगायची, "पीठ बोलायला लागला का मंग वाटीत घाल." मुलगी विचारायची, "अम्मी, पीठ बोलतं म्हणजे काय करतं?" आणि इथे दोघींचं भांडण व्हायचं. कॉम्प्युटरवरून एकमेकींना बघायचा प्रयत्न झाला होता, पण चित्र अडकत अडकत यायचं आणि नेमकं पीठ दाखवायची वेळ आली की बंद पडायचं.

"तू माझा हात दाखव, पीठ दाखव," खाला म्हणाली. "माझा तोंड नाय यायला पायजे. बांगड्या आल्या तरी चालतील."

मला हे काम फार आवडलं. लग्नात आपण हजार गोष्टींमागे धावत असतो. इथे एक पातेलं आणि दोन हात. मला वाटलं, अर्ध्या दिवसात उरकेल.

खालाचं घर दुसऱ्या मजल्यावर, अरुंद जिन्याचं. स्वयंपाकघर लांबट, एका टोकाला खिडकी, एका भिंतीला ओटा, दुसऱ्या भिंतीला फ्रिज. वाटण-घाटण ती खाली पाटावर बसूनच करायची. मी लग्नात वापरायचे ते छत्रीवाले दोन लाइट दोन बाजूंना लावले, समोर ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवला आणि काम सुरू केलं. खाला अगदी मन लावून करत होती. मी घरी येऊन ते एडिट केलं, पुन्हा तिच्या घरी जाऊन टीव्हीला जोडून दाखवलं.

तिने बघितलं. पुढे सरकून पुन्हा बघितलं.

"पातेला लय छान दिसतो," ती म्हणाली. "पीठ कुठं हाय?"

खरंच पीठ नव्हतं. पातेलं खोल. बाजूचे लाइट त्याच्या कडेला लागत होते आणि आत सावली पडत होती. त्यात खाला हात घालायला वाकली की तिच्या डोक्याची सावली उरलेल्या उजेडावर. पिठाच्या जागी एक करडा गोल दिसत होता. आणि मुलीला बघायचं होतं ते तर पिठावरच होतं. पीठ तयार झालं की त्याच्यावर बारीक बुडबुडे येतात, फुटतात, पुन्हा येतात. जवळ कान नेला तर हलकी चुरचुर ऐकू येते. पीठ बोलतं ते हे. माझ्या सगळ्या व्हिडिओत एकही बुडबुडा दिसत नव्हता.

मला हसू आलं आणि ओशाळल्यासारखंही झालं. उजेड बरोबर पातेल्याच्या डोक्यावरून हवा होता, आणि तिथे स्टँड उभा करायचा तर खालाच्या मांडीवरच करावा लागला असता. म्हणजे स्टँड लांब कोपऱ्यात, आणि त्याच्या टोकाला आडवा दांडा, आणि दांड्याच्या टोकाला लाइट. स्टुडिओत असा स्टँड मी बघितला होता. त्याला बूम स्टँड म्हणतात. तो लोखंडी होता, आणि जागेवरून हलवायला दोन माणसं लागायची.

घरी मी हे नवऱ्याला सांगितलं. तो न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात. तिथे दिवसभर क्रेन बघून बघून त्याला कुठलीही गोष्ट वरून लटकवण्यात काही अवघड वाटत नाही.

"छताला हूक मार."

"दुसऱ्याच्या घराच्या छताला?"

"मग पंख्याला बांध."

"आणि पंखा बंद ठेवून खालाला चुलीपाशी बसवू?"

मग त्यालाच सुचलं की आमच्या सोसायटीच्या गणेश मंडळाकडे माइकचा स्टँड आहे, वाकवता येणारा. आम्ही तेव्हा सुकापूरला राहायचो. मंडळाचं सामान जिन्याखालच्या खोलीत असायचं आणि किल्ली याच्याकडे. मी एक छोटा, बॅटरीवर चालणारा एलईडी लाइट नवा घेतला होता. तो त्या माइकच्या जागी चिकटपट्टीने पक्का बांधला. घरात करून बघितलं तर छान उभा राहिला.

खालाच्या घरीही तो सुरुवातीला छान राहिला. पातेल्यात पहिल्यांदाच उजेड पडला आणि मी कॅमेऱ्यातून बुडबुडे बघितले. मला इतका आनंद झाला की मी फक्त स्क्रीनकडेच बघत राहिले. खाला बोलत होती, हात फिरवत होती. हळूहळू चित्र जास्तच उजळ होत गेलं. मला वाटलं खिडकीतून ऊन आलं असेल. मी कॅमेऱ्याचा उजेड कमी केला. पुन्हा उजळ झालं. मी मान वर केली तेव्हा लाइट नमस्कार करत करत पार खाली आला होता, आणि मी "खाला!" म्हणेपर्यंत तो सावकाश, अगदी अदबीने पिठात शिरला.

पिठाच्या आतून उजेड येत होता.

मग खाला हसायला लागली. हात पिठाचे, त्यामुळे डोळे पुसता येईनात, तशीच हसत राहिली. "तुज्या लाइटला पन भूक लागली होती गो!"

बॅटरीचा होता म्हणून शॉकबिक काही बसला नाही. धुऊन, पुसून, वाळवून तो पुन्हा लागलासुद्धा, फक्त एका कडेचे दिवे कायमचे गेले. पीठ मात्र वाया गेलं. मी पुन्हा पुन्हा माफी मागत होते आणि खाला मला बळजबरीने कालचा शिरकुर्मा खायला घालत होती. "पुन्यांदा भिजवू. तांदूल काय पळून जातायत?"

त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं की आता जुगाड बास. स्टँडच घ्यायचा.

पण कुठला? इंटरनेटवर वाचायला लागले तर मती गुंग झाली. परदेशातले लोक भल्यामोठ्या स्टुडिओत उभे राहून सांगत होते की हा घ्या, याच्यावर इतके किलो टांगता येतात. मला किलो टांगायचे नव्हते. मला एक पावभर वजनाचा लाइट टांगायचा होता, पण तो टांगलेला राहायला हवा होता. शिवाय स्टँड स्कूटरवरून न्यायचा, अरुंद जिन्याने चढवायचा, फ्रिज आणि भिंतीच्या मधे उभा करायचा. आणि माझ्या खिशाला झेपायला हवा. ऑनलाइन खूप स्वस्त मिळत होते, पण पिठात शिरलेला लाइट डोळ्यांसमोर असताना फोटो बघून स्टँड घ्यायची माझी तयारी नव्हती.

नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही बसने मुंबईला गेलो, फोर्टातल्या कॅमेऱ्यांच्या दुकानांत. मी माझा लाइट पर्समध्ये घालून नेला होता.

एका दुकानात दुकानदाराने तीन स्टँड काढून दाखवले. पहिला जाड लोखंडी, खाली चाकं, मागे गोल वजन. नवऱ्याचे डोळे चमकले. त्याने तो हलवून बघितला, ढकलून बघितला, त्याच्याभोवती फेरी मारली.

"हाच घे. एकदाच काय तो चांगला घ्यावा."

"उचल," मी म्हटलं.

त्याने उचलला.

"आता दोन मजले चढ."

त्याने तो खाली ठेवला. किंमतही विचारून झाली होती आणि ती ऐकून तसाही आमचा आवाज खाली आलाच होता.

दुसरा होता तो हलका, चंदेरी, एकदम स्वस्त. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळे नवीन लोक हाच नेतात." तिसरा काळा, ॲल्युमिनियमचाच, दुसऱ्यापेक्षा थोडा महाग. त्याची गंमत अशी की वरचा दांडा सरळ आत सरकवला की तो साधा उभा स्टँड व्हायचा, आणि बाहेर काढून आडवा केला की बूम. सोबत एक रिकामी कापडी पिशवी होती, मागच्या टोकाला वजन म्हणून अडकवायला.

"दोन्हीचे दांडे पूर्ण बाहेर काढता का?" मी विचारलं. मग पर्समधून लाइट काढून दुसऱ्याच्या टोकाला लावला, आणि तिसऱ्याच्या टोकाला पाण्याची बाटली बांधली. दुकानदार बघत राहिला.

"आता?"

"आता काही नाही. थोडा वेळ असंच राहू दे."

तो माणूस चांगला होता. त्याने सरळ चहा मागवला. आम्ही तिघं चहा पीत दोन स्टँडकडे बघत बसलो. आलेलं एक गिऱ्हाईकही थांबून बघायला लागलं, काहीतरी होणार आहे असं वाटून. आणि झालंच. चहा संपत आला तसा चंदेरी स्टँड मान टाकायला लागला. मला ती लकब चांगली ओळखीची होती.

काळा होता तसाच राहिला, त्याच्यावर तर लाइटपेक्षा जड बाटली होती. मी दोन्हींचे सांधे उघडून बघितले. चंदेरीत दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर दाबलेल्या होत्या, कितीही आवळल्या तरी घसरणाऱ्या. काळ्याच्या चकत्यांना दाते होते, एकमेकांत बसणारे. एवढाच फरक, पण माझं सगळं पीठ त्या फरकावर होतं.

"पण हा हलतोय बघ," नवरा म्हणाला आणि काळ्याला टिचकी मारली. टोक थरथरलं.

"हलू दे. हलला तर थांबतो. खाला काही त्याला टिचक्या मारणार नाहीये."

मी काळ्या स्टँडचे पाय फाकवून, जवळ घेऊन बघितले, सगळे स्क्रू फिरवले. एक अडकत होता म्हणून दुसरा नग मागितला. त्याचे सगळे स्क्रू मऊ फिरले. मिटवला तर माझ्या कमरेपर्यंत आला, म्हणजे स्कूटरवर पायांपाशी तिरका मावेल. मी पैसे दिले. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "लोखंडी काय मस्त होता ना पण," आणि घरी पोचेपर्यंत त्याबद्दल पुन्हा बोलला नाही, हे त्याचं मोठेपण.

आता खालाकडे जाण्याआधी घरी सराव करायचा असं मी ठरवलं. त्या वर्षी सुकापूरमध्ये जिकडे बघावं तिकडे इमारती उठत होत्या. नवरा शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनला विचारून वाळू घेऊन आला, ती आम्ही पिशवीत भरली आणि मागच्या टोकाला अडकवली. पहिल्या प्रयत्नात सगळा डोलारा तिरका झाला. मग लक्षात आलं की दांडा ज्या दिशेला पुढे जातो, त्याच दिशेला स्टँडचा एक पाय यायला हवा. तसं फिरवल्यावर तो घट्ट उभा राहिला. नवऱ्याला मी खाली बसवून कणीक मळायला लावली आणि त्याच्या हातांवर वरून उजेड टाकून शूटिंग केलं. त्याच्या हातांचा तो व्हिडिओ त्याने पुढे बरेच दिवस लोकांना दाखवला. कणीक मात्र सैल झाली होती, पोळ्या कशाबशा लाटल्या.

खालाने ठरलेल्या दिवशी पुन्हा तांदूळ भिजवून, वाटून पीठ तयार ठेवलं होतं. मी स्टँड फ्रिजच्या बाजूला उभा केला, दांडा पुढे काढला, पिशवी लावली. लाइट बरोबर पातेल्यावर आला. खाला पाटावर बसून वर बघत होती.

"आज तो जेवनार नाय ना?"

"नाही खाला. आज उपास आहे त्याचा."

पण तेवढ्यात जमिनीवर बारीक सर्रर्र आवाज आला. पिशवीच्या शिवणीतून वाळू गळत होती, फ्रिजपासून थेट पातेल्याच्या दिशेने. खालाचा चेहरा बदलला. ती इतकी स्वच्छ बाई, की तिच्या ओट्यावर मी माझा चष्माही ठेवायला घाबरायचे.

"रेती? घरात? उचल ती. उचल आधी."

मी पिशवी उचलून गॅलरीत नेली, झाडू आणला. आता वजनाला काय लावायचं ते कळेना. मी पाण्याची कळशी बघत होते, तर खालाने उठून कोपऱ्यातला डबा उघडला आणि एका स्वच्छ पिशवीत मापाने तांदूळ भरले. "हा लाव. सांडला तरी आपलाच हाय." मी ती तांदळाची पिशवी लावली. काम झाल्यावर तांदूळ परत डब्यात गेले.

मग आम्ही सुरुवात केली. ते दृश्य मला आजही नीट आठवतं. वरून मऊ उजेड पडलेला, पांढरं पीठ आणि त्यावर मोहरीएवढे बुडबुडे उमलताहेत, फुटताहेत. खालाच्या बोटावरून पिठाची धार सुटली की तिची जाडीसुद्धा कळत होती. मी तिला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर दाखवलं. तिने डोळे बारीक करून बघितलं.

"बघ, बोलतोय," ती हळूच म्हणाली.

आणि मग मला वाटलं नव्हतं ते झालं. आधीच्या दोन्ही वेळी ती मला सांगत होती, एवढं पीठ, एवढं दूध. आता ती मला विसरली आणि सरळ मुलीशीच बोलायला लागली. "बघ, हा असा वर आला पायजे. नाय आला तर ठेव झाकून, दुसरा काम कर. दर घडीला झाकन उघडू नको, तुजी ती सवय मना म्हायती हाय. तिकडं दिवसरात एसी लावता का काय? पीठ एसीत ठेवू नको." मधेच जावई नीट जेवतो का विचारलं, त्याच्या आईला फोन करत जा म्हणून सांगितलं. वाट्यांना तेल लावता लावता मुलगी लहान असताना वाटीतलं कच्चं पीठ चाटायची, ते सांगून एकटीच हसली. मी श्वाससुद्धा हळू घेत होते. मी त्या व्हिडिओला मागे गाणं लावणार होते. नाही लावलं. सगळं बोलणं तसंच ठेवलं.

फाइल इतकी मोठी झाली की इंटरनेटवरून जाईना. कुवेतला निघालेल्या एका नातेवाइकाबरोबर खालाने पेनड्राइव्ह पाठवला, मटणाचा मसाला आणि सुक्या बोंबलांच्या पुडक्यात गुंडाळून. तो तिकडे पोचला तेव्हा म्हणे चार दिवस त्याला बोंबलाचा वास येत होता.

नंतर एक दिवस सकाळी खालाचा फोन आला. ती काय बोलत होती ते आधी मला कळेचना. मग कळलं की मुलीची सांदणं फुगली. तिने फोटो पाठवला होता, ताटात ओळीने मांडलेली, वरून गोल, पांढरीशुभ्र. "अल्लाचा शुकर," खाला म्हणत होती, "आणि तुजा बी." मुलीने सांगितलं होतं की तिने व्हिडिओ स्वयंपाकघरात लावून ठेवला आणि अम्मीच्या बरोबरीने केलं. पहिल्यांदा करताना तिला रडूच आलं, म्हणून पिठाकडे लक्ष राहिलं नाही आणि बुडबुडे निघून गेले. दुसऱ्यांदा जमलं.

तो व्हिडिओ कुवेतमध्ये आपल्याकडच्या बऱ्याच बायकांनी बघितला. त्यांनी आपापल्या आयांना फोन केले आणि त्या आयांनी मला. पुढची दोन-तीन वर्षं लग्नाचा मोसम नसेल तेव्हा मी गावातल्या, उरणच्या, खाडीकाठच्या कितीतरी स्वयंपाकघरांत तो काळा स्टँड घेऊन गेले. उरणच्या एका कोळीणबाईंनी ओल्या जवळ्याची, म्हणजे अगदी बारीक कोळंबीची, वडी करून दाखवली आणि "आमचा हात बघून कोन काय शिकनार" असं लाजत म्हणत शेवटी माझ्याकडून तीनदा पुन्हा शूट करून घेतलं, कारण पहिल्या दोन्ही वेळी वडी त्यांच्या मनासारखी तळली गेली नव्हती. चेहरा कुणालाच नको असायचा. मला हात ओळखू यायला लागले. स्टँडचा एक प्लास्टिकचा स्क्रू तुटला तो मी बदलला, एवढीच काय ती दुरुस्ती.

सांदणाच्या व्हिडिओनंतर पुढच्याच वर्षी खालाची मुलगी बाळंतपणासाठी माहेरी आली. सातवा महिना होता. खालाने मला आणि नवऱ्याला जेवायला बोलावलं. जाऊन बघते तर खाला बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसलेली, आणि स्वयंपाकघरात मुलगी. खालाला ते बसणं जमत नव्हतं. ती दर थोड्या वेळाने उठायची आणि आतून आवाज यायचा, "अम्मी, बस तिकडेच."

"डब्यातला दूध घातलाय तिनं," खाला माझ्या कानात म्हणाली. "नारळ खवला नाय. पत्र्याच्या डब्यातला."

"तिकडे नारळ मिळत नसेल ना खाला, सवय झाली असेल."

"इथं मिळतो ना! इथं तर दारात येतो!"

मुलीने सांदणं आणली, रस्सा आणला. वाफ येत होती. नवऱ्याने बोलणं सोडून सरळ खायला सुरुवात केली. खालाने एक सांदण मोडलं, आतली जाळी बघितली, बोटाने दाबून बघितली, रश्श्यात बुडवून खाल्लं. मुलगी पोटावर हात ठेवून दारात उभी राहून बघत होती. खालाने ताट थोडं पुढे सरकवलं.

"अजून दोन वाढ," ती म्हणाली. "आणि तू पन बस आता."